औद्योगिक पट्ट्यातील सामान्य मनोविकार : आकलन आणि निदान (विशेष संदर्भ : पिंपरी-चिंचवड व चाकण)

प्रस्तावना :

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मिती कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या परिसरात कारखानदारीचा झपाट्याने विस्तार झाला. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्थापन झाली आणि पुढील काळात चाकण हे वाहन उद्योगाचे मोठे केंद्र बनले. २००१ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १० लाख होती. २०११ मध्ये ती १७ लाखांच्या पुढे गेली. या वाढीत मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांतांतून रोजगारासाठी आलेल्या तरुणांचा वाटा मोठा आहे. त्यांपैकी अनेक जण सकाळी महाविद्यालयाच्या वर्गात आणि दुपारी कंपनीच्या लाइनवर असतात.

असा तरुण "झोप लागत नाही, डोके जड राहते, कशातच मन लागत नाही" असे सांगतो, तेव्हा तो आजारी आहे, थकलेला आहे की परिस्थितीने गांजलेला आहे, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकते. साध्या थकव्याला नैराश्य म्हटले जाते, त्याचप्रमाणे खऱ्या नैराश्याला 'कामाचा ताण' म्हणून बाजूला सारले जाते. सामान्य मनोविकारांचे स्वरूप, त्यांच्या निदानाची पद्धती आणि औद्योगिक पट्ट्यात या निदानात येणाऱ्या अडचणी यांचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

'सामान्य मनोविकार' म्हणजे काय :

'सामान्य मनोविकार' या संज्ञेतील 'सामान्य' हा शब्द 'सर्वत्र आढळणारे' या अर्थाने योजला आहे. 'किरकोळ' या अर्थाने नव्हे. नैराश्य, सर्वसाधारण चिंताविकृती, तीव्र भीतीचे झटके, विविध प्रकारची भयगंडे यांचा त्यात समावेश होतो. छिन्नमनस्कतेत रुग्णाचा वास्तवाशी असलेला संबंध तुटतो. सामान्य मनोविकारांत तो सहसा टिकून राहतो. रुग्ण कामावर जातो, हजेरी लावतो, बोलतो, हसतोही. त्यामुळे त्याचा आजार इतरांच्या लक्षात येत नाही आणि पुष्कळदा त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही.

बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढ लोकसंख्येपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता. उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचे प्रमाण विविध विकारांत ७० ते ९२ टक्के इतके होते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. त्यामुळे त्यातील टक्केवारी पिंपरी-चिंचवड वा चाकणला जशीच्या तशी लावणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरणार नाही.

निदानाचे निकष :

रक्तशर्करेप्रमाणे नैराश्य मोजणारी रक्ततपासणी उपलब्ध नाही. मनोविकाराचे निदान मुलाखत, पूर्वेतिहास, निरीक्षण आणि शारीरिक तपासणी यांवर आधारलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीनुसार नैराश्याच्या निदानासाठी दहापैकी किमान पाच लक्षणे, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज आणि किमान दोन आठवडे असावी लागतात. उदास मनःस्थिती किंवा आवडीच्या गोष्टींतील रस नाहीसा होणे, यांपैकी एक लक्षण असणे अनिवार्य आहे.

निदान करताना तज्ज्ञ मुख्यतः चार प्रश्नांची उत्तरे शोधतो. लक्षणे किती काळ आहेत? त्यांची तीव्रता किती? काम, अभ्यास, कुटुंब यांतील कार्यक्षमता किती घटली आहे? आणि या लक्षणांना अन्य कारण आहे काय? चौथ्या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. थायरॉईड ग्रंथीची मंदता, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मद्यपान किंवा काही औषधांचे परिणाम यांमुळे नैराश्यासारखीच लक्षणे दिसू शकतात. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, अत्यल्प झोपेचा, बेफाम खर्चाचा काळ येऊन गेला होता काय, हेही विचारावे लागते. तसे असल्यास विकार द्विध्रुवीय असू शकतो आणि उपचारांची दिशाच बदलते.

एक तक्रार, अनेक निदाने :

'झोप येत नाही' ही या पट्ट्यात वारंवार ऐकू येणारी तक्रार आहे. पुढील चार काल्पनिक उदाहरणांतून तिचे भिन्न अर्थ स्पष्ट होतील.

(अ) पहिला कामगार आठवड्याआड रात्रपाळी करतो. दिवसा पत्र्याच्या खोलीत त्याला चार तासही झोप मिळत नाही. मात्र पाळी बदलली किंवा सुटीत गावी गेला की त्याची झोप पूर्ववत होते, क्रिकेटमधील रसही कायम आहे. शरीरातील जैविक घड्याळ प्रकाश-अंधाराच्या चक्राशी बांधलेले असते; रात्रपाळीत हे चक्र आणि कामाची वेळ यांचा मेळ बसत नाही. अकराव्या आवृत्तीत झोपेच्या विकारांना स्वतंत्र प्रकरण दिले असून पाळीच्या कामामुळे होणारा विकार त्यात नोंदवला आहे.

(आ) दुसऱ्या कंत्राटी कामगाराला सात महिन्यांनंतर 'ब्रेक' मिळाला. तेव्हापासून खोलीभाडे आणि हप्ते यांचाच विचार त्याच्या मनात घोळत राहतो आणि झोप उडाली आहे. ताणाच्या घटनेनंतर साधारणतः महिन्याभरात सुरू झालेली आणि त्या घटनेभोवतीच फिरणारी अशी लक्षणे समायोजन विकृतीकडे निर्देश करतात. ताण संपल्यावर ती बहुधा सहा महिन्यांत ओसरतात. येथे रोजगार मिळवून देणारी मदत ही उपचाराइतकीच महत्त्वाची ठरते.

(इ) तिसरा तरुण कायमस्वरूपी नोकरीत आहे. तो पहाटे तीनलाच जागा होतो. सुटीतही त्याला बरे वाटत नाही. जेवणाची चव गेली आहे, आपण घरच्यांवर ओझे आहोत असे त्याला वाटते. महिनाभर हे चालू असल्यास नैराश्याच्या निदानाचा गांभीर्याने विचार करावा लागतो.

(ई) चौथ्या व्यक्तीला अंथरुणावर पडल्यावर तासन्तास झोप लागत नाही. नोकरी, आईचे आजारपण, परीक्षा, अपघाताची भीती अशा अनेक चिंता कित्येक महिने तिची पाठ सोडत नाहीत. मान आखडते, छातीत धडधडते. हे चित्र सर्वसाधारण चिंताविकृतीचे आहे.

तक्रार एकच असूनही निदाने चार आहेत आणि चौघांनाही एकच झोपेची गोळी देणे हा उपाय नव्हे. यात मद्याचा प्रश्न मिसळला तर गुंतागुंत वाढते. झोपेसाठी घेतलेली दारू झोप लवकर आणते, परंतु ती मध्येच मोडते. दारूमुळे नैराश्य आले की नैराश्यामुळे दारू आली, हे ठरवण्यासाठी पुष्कळदा दारू थांबल्यानंतर काही आठवडे रुग्णाचे निरीक्षण करावे लागते.

याशिवाय भाषेचाही प्रश्न आहे. 'मी उदास आहे' असे कामगार क्वचितच म्हणतो. 'अंगात ताकद नाही', 'हातापायांना मुंग्या येतात', 'जीव घाबरल्यासारखा होतो', 'गॅस वर चढतो' अशा शब्दांत तो आपली व्यथा मांडतो. मग सलाईन लावले जाते, ताकदीचे इंजेक्शन दिले जाते. भीतीचा झटका आलेला रुग्ण हृदयविकाराच्या शंकेने रुग्णालयात येतो. हृदयाचा आलेख निर्दोष निघाला की 'काही झालेले नाही' असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. हृदयाची तपासणी आवश्यकच असते, परंतु त्या तपासणीपाशी निदान संपत नाही.

चाळणी चाचणी आणि निदान यांतील भेद :

महाविद्यालयीन संशोधन प्रकल्पांत 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली वापरता येते. नऊ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन गुण आणि एकूण २७ गुण अशी तिची रचना असून १० वा अधिक गुण ही प्रचलित मर्यादारेषा आहे. ही चाळणी चाचणी आहे. तिच्या गुणांकावरून थेट निदान करणे चुकीचे ठरते.

याचे पहिले कारण गणिती आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात या मर्यादारेषेवर चाचणीची संवेदनशीलता आणि विशिष्टता प्रत्येकी ८८ टक्के आढळली. समजा, १००० कामगारांपैकी १०० जणांना खरोखर नैराश्य आहे. चाचणी त्यांतील ८८ जणांना ओळखेल. उरलेल्या ९०० निरोगी व्यक्तींपैकी १२ टक्के, म्हणजे १०८ जण, चुकून रेषेपलीकडे जातील. एकूण १९६ जणांपैकी प्रत्यक्ष रुग्ण ८८, म्हणजे निम्म्याहूनही कमी असतील. अशा पाहणीवरून 'जवळजवळ २० टक्के कामगार नैराश्यग्रस्त' असा निष्कर्ष काढल्यास तो वस्तुस्थितीच्या जवळजवळ दुप्पट होईल. शिवाय १२ खरे रुग्ण चाळणीतून निसटतील, ते वेगळेच.

दुसरे कारण या पट्ट्याशी निगडित आहे. नऊपैकी तीन प्रश्न झोप, थकवा आणि भूक यांविषयी आहेत. सलग रात्रपाळी करणाऱ्या व्यक्तीला केवळ पाळीमुळे या तिन्हींत मिळून नऊ गुण मिळू शकतात. एकाग्रतेच्या प्रश्नात आणखी एक गुण मिळाला की ती व्यक्ती, मनःस्थिती उत्तम असूनही, मर्यादारेषेवर पोहोचते. म्हणून एकूण गुणांपूर्वी पहिले दोन प्रश्न, म्हणजे रस आणि मनःस्थिती यांविषयीचे, तसेच आत्मघाताच्या विचारांचा नववा प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा. नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्य नसल्यास एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी त्या व्यक्तीशी बोलणे आवश्यक ठरते. अशा प्रश्नावलीत कामाची पाळी नोंदवणेही तितकेच आवश्यक आहे.

निदान आणि कायदा :

२९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार मानसिक आजार मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांनुसारच ठरवावा लागतो. व्यक्तीचा आर्थिक वा सामाजिक दर्जा, तसेच समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक वा कामविषयक मूल्यांशी तिचे न जुळणे हा निदानाचा आधार होऊ शकत नाही. औद्योगिक पट्ट्यात या तरतुदीला विशेष महत्त्व आहे. जादा पाळीस नकार देणारा, पर्यवेक्षकाशी वाद घालणारा वा संघटनेत उतरणारा कामगार केवळ त्या कारणाने 'मानसिक रुग्ण' ठरत नाही. कलम २३ रुग्णास गोपनीयतेचा अधिकार देते.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत नमूद आहे.

महाविद्यालयीन शिक्षकाची भूमिका :

निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. बदल लक्षात घेणे, विचारणे, ऐकणे आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे हे काम मात्र तो करू शकतो. पाळी कोणती आहे, सुटीत झोप सुधारते काय, आवडत्या गोष्टीत मन लागते काय, हे किती दिवसांपासून आहे, या साध्या प्रश्नांची उत्तरे तज्ज्ञालाही उपयोगी पडतात. जगणे नकोसे वाटते काय, असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत निराधार आहे. किंबहुना विचारणा झाल्यावर पुष्कळांचे मन हलके होते. असा धोका जाणवल्यास विद्यार्थ्यास एकटे न सोडता तातडीने मदत मिळवून द्यावी.

महापालिकेचे पिंपरी येथील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, विमाधारक कामगारांसाठी चिंचवडच्या मोहननगरातील राज्य कामगार विमा रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय ही शासकीय व निमशासकीय ठिकाणे आहेत. व्यसनमुक्तीसाठी १९८६ मध्ये सुरू झालेले पुण्यातील मुक्तांगण केंद्र आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. बाह्यरुग्ण विभागाची सकाळची वेळ आणि पहिली पाळी एकाच वेळी येते, रजा घेतली की कंत्राटी कामगाराचा दिवस बुडतो. अशा वेळी रात्रीही उचलला जाणारा दूरध्वनी हे बहुधा पहिले पाऊल ठरते.

योग्य निदानानंतर उपचार परिणामकारक ठरतात. गोव्यात 'मानस' या प्रयोगात स्थानिक प्रशिक्षित आरोग्य समुपदेशकांनी प्राथमिक स्तरावर मानसिक आधार व उपचारांचा पाठपुरावा यांची जबाबदारी घेतली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शासकीय केंद्रांतील सामान्य मनोविकारग्रस्तांपैकी ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४२.५ टक्के होते. पदवी मनोविकारशास्त्राची नसतानाही, पद्धतशीर प्रशिक्षण आणि तज्ज्ञांची देखरेख असल्यास, सामान्य माणूस या कामात मोलाची भर घालू शकतो, असे हा प्रयोग दर्शवतो.

समारोप :

सामान्य मनोविकाराचे निदान लक्षणांच्या यादीवर खुणा करून होत नाही. लक्षणांचा कालावधी, तीव्रता, घटलेली कार्यक्षमता आणि जीवनाचा संदर्भ एकत्र वाचावे लागतात. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात या संदर्भात पाळी, कंत्राट आणि स्थलांतर यांचा समावेश अपरिहार्य आहे. ते वगळल्यास निरोगी व्यक्तीवर रुग्णाचा शिक्का बसतो आणि खरा रुग्ण 'कामचुकार' ठरतो. महाविद्यालयात बिघाडाची पहिली नोंद बहुधा हजेरीपटावर होत असते. उपस्थिती कमी असल्याची नोटीस लावण्यापूर्वी त्या विद्यार्थ्यास बोलावून त्याची पाळी आणि त्याची झोप यांविषयी विचारपूस करणे, एवढे प्रत्येक विभागाला सहज करता येण्याजोगे आहे.