यादी गेली, दुकानं चालूच

फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी मोडीत काढली. कोणत्या नियतकालिकातला शोधनिबंध ग्राह्य धरायचा, हे आता दिल्ली ठरवत नाही. विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी आपापलं बघायचं, आयोग फक्त मार्गदर्शक निकष देणार. पदोन्नतीच्या फायली अडकलेल्या प्राध्यापकांना हायसं वाटलं असेल. हायसं वाटलेले दुसरे लोक म्हणजे निबंध छापून देणारे दुकानदार.

त्यांच्या जाहिराती प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर नेहमी येतात आणि मजकूर साधारण ठरलेला असतो. चर्चासत्राचा विशेषांक निघतोय, विषय कोणताही चालेल, भाषा मराठी, हिंदी, इंग्रजी. आयएसएसएन आहे, इम्पॅक्ट फॅक्टर आहे, तज्ज्ञ-परीक्षणही होईल. फी भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवा, चार दिवसांत प्रमाणपत्र मिळेल. मातीचं परीक्षण, संतसाहित्य आणि जीएसटी एकाच अंकात, आणि तिन्हींचं परीक्षण चार दिवसांत! खऱ्या नियतकालिकात परीक्षक शोधण्यातच कित्येक आठवडे जातात, कारण हे काम फुकट करावं लागतं. आयएसएसएन तर नुसता नोंदणी क्रमांक. तो भारतात मोफत मिळतो आणि आतल्या मजकुराबद्दल काहीही सांगत नाही. मुखपृष्ठावर मात्र तो आयएसआयच्या शिक्क्यासारखा मिरवतो.

हा बाजार किती मोठा आहे, याचा पुराव्यानिशी हिशेब मांडला तो पुण्यात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूजीसीची तेव्हाची मान्यताप्राप्त यादीच तपासायला घेतली. त्यातही विद्यापीठांनी स्वतः शिफारस केलेली नियतकालिकं. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष आले. तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्के दर्जाच्या कसोटीवर नापास झाली. १,००९ पैकी ३४.५ टक्के तर पहिल्याच चाळणीत गळाली, कारण पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं अशी प्राथमिक माहितीच नव्हती किंवा चुकीची होती. आणखी ५२.३ टक्क्यांनी चुकीचा आयएसएसएन, बनावट इम्पॅक्ट फॅक्टर असं खोटं सांगितलं होतं किंवा त्यांच्या संपादकांची पात्रताच तोकडी होती. या अभ्यासासाठी मोठी प्रयोगशाळा लागली नाही. संकेतस्थळ उघडायचं, दावा वाचायचा आणि खरा आहे का ते बघायचं, एवढंच. शिफारस करणाऱ्या विद्यापीठांना हे करता आलं नसतं का? त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली आणि पुढे ‘केअर’ आली. पटवर्धन तोवर आयोगाचे उपाध्यक्ष झाले होते.

रोगाचं मूळ मात्र त्याआधीचं आहे. यूजीसीच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकाच्या संशोधनाला ‘एपीआय’ गुणांचा तक्ता जोडला. पदोन्नती हवी तर निबंध दाखवा. ज्याच्या महाविद्यालयात ग्रंथालयाला पुरेसा निधी नाही, ज्याचा आठवडा तासिका, परीक्षा आणि नॅकच्या कागदांत संपतो, त्यालाही तेच माप. मग निबंध विकत मिळू लागले यात नवल ते काय? ‘सायन्स’ या नियतकालिकाने २०१३ मध्ये मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला निबंध जगभरच्या ३०४ मुक्त नियतकालिकांकडे पाठवला आणि १५७ जणांनी तो स्वीकारला. ज्यांच्याकडे पाठवला त्यांतली सुमारे एकतृतीयांश भारतातली होती.

‘केअर’ फार धुतल्या तांदळाची होती असं नाही. नवी नियतकालिकं दाखल होण्यात उशीर होई आणि भारतीय भाषांतल्या चांगल्या नियतकालिकांवर अन्याय झाल्याची तक्रार होती. भामट्यांनी तर यादीतल्या नियतकालिकांचीच सोंगं काढली. एखादं जुनं नियतकालिक फक्त छापील निघतं, त्याचं संकेतस्थळ नाही, एवढं कळलं की त्याच्या नावाने संकेतस्थळ उभं करायचं आणि फी गोळा करायची. खऱ्या संपादकाला पत्ता लागेपर्यंत लेखकांचे पैसे गेलेले. या तोतयांची वेगळी यादी ‘केअर’ला ठेवावी लागली. ती सोयही आता गेली. यापुढे हे सगळं ओळखायची जबाबदारी महाविद्यालयाच्या समितीवर आहे आणि विशेषांक काढणारी महाविद्यालयंही कमी नाहीत. समितीत प्राचार्य बसणार आणि त्याच विशेषांकाच्या सल्लागार मंडळातही प्राचार्यांचंच नाव असणार, हे दृश्य डोळ्यांसमोर आणायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

नामवंत प्रकाशकही सोवळे नाहीत. अमेरिकेच्या वायली कंपनीने २०२१ मध्ये हिंदावी विकत घेतली आणि २०२३ या एका वर्षात हिंदावीला आठ हजारांहून जास्त निबंध मागे घ्यावे लागले. पाहुण्या संपादकांच्या विशेषांकांतून ते घुसले होते. म्हणजे विशेषांकाची युक्ती काही आपल्याकडचीच नाही.

आता केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांसाठी संस्थेचे गुण कापले जाऊ लागलेत. वरवर पाहता पाऊल चांगलं. पण निबंध मागे घेतं कोण? ज्या नियतकालिकाकडे तक्रार ऐकणारा संपादक आहे, चौकशी करायची तयारी आहे, तेच. चार दिवसांत प्रमाणपत्र देणारं दुकान आजवर छापलेलं काहीही कशाला मागे घेईल? तिथे छापणाऱ्याच्या संस्थेचे गुण शाबूत राहतात. कापले जातात ते निदान चूक कबूल करणाऱ्या नियतकालिकात छापणाऱ्याच्या संस्थेचे, आणि त्यात लबाडी नसलेली प्रामाणिक चूकही येऊ शकते.