कुत्र्यानं ससा धरला, तरी गुन्हा मालकावर! माळावर साखळी सोडण्याआधी हे वाचा

बारामती/इंदापूर : पहाटे माळावर फिरायला जायचं, कुत्र्याची साखळी काढायची आणि त्याला मोकळं पळू द्यायचं, ही अनेकांची रोजची सवय. गवतातून ससा उठतो, कुत्रा सुसाट मागे लागतो. मालक मोबाईल काढून शूटिंग करतो आणि व्हिडिओ स्टेटसला टाकतो. गंमत म्हणून टाकलेला हाच व्हिडिओ पुढे वन विभागासाठी पुरावा ठरू शकतो.

रानससा हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित प्राणी आहे. आणि या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त बंदूक किंवा फासकी नव्हे. वन्यप्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हुसकावणं, पकडणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोजलं जातं. म्हणजे ‘छू’ करून कुत्रा सोडला आणि ससा निसटून गेला, तरी मालक सुटला असं होत नाही.

शिक्षाही किरकोळ नाही. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची ही रक्कम पूर्वी २५ हजार होती, २०२२ च्या दुरुस्तीत वाढली. शिकारीसाठी वापरलेली गाडी जप्त होऊ शकते, ते वेगळंच. हाच प्रकार अभयारण्याच्या हद्दीत घडला तर किमान तीन वर्षं कैद आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र अवघं पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, चहूबाजूंनी गावं आणि शेती. कुत्रा सशामागे लागला की हद्द कुठे संपते हे त्याला थोडंच कळतं!

कुत्रा स्वतःहून ससा मारून दारात घेऊन आला तर? तो ससा कायद्यानं सरकारची मालमत्ता. ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन विभागाला कळवून तो त्यांच्या ताब्यात द्यावा लागतो. रस्सा करणं तर सोडाच, गुपचूप पुरून टाकणंही अंगाशी येऊ शकतं.

आपल्या भागात कारवान, पश्मी हौसेनं पाळतात. नजरेनं सावज हेरायचं आणि वेगानं गाठायचं, यासाठीच ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली. जात पाळण्यात काही गैर नाही. पण ससा दिसल्यावर हाक मारली की ते थांबेल, ही अपेक्षा फोल आहे. गावठी कुत्रीही दोन-तीन एकत्र आली की तशीच वागतात.

रानससा बीळ करत नाही. गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी खोलगट जागा करून दिवसभर दबून बसतो. चरायला निघतो तो तिन्हीसांजेला आणि पहाटे, नेमका लोकांच्या फिरण्याच्या वेळेला. त्याची पिल्लं जन्मतः केसाळ, उघड्या डोळ्यांची असतात आणि धोका वाटला की जागीच गप्प बसून राहतात. कुत्र्याला ती आयतीच सापडतात. कधी ससा दातातून सुटतो, पण धावून धावून आणि भेदरून नंतर मरतो. मालकाला वाटतं, वाचला बिचारा.

कडबनवाडी, शिर्सुफळच्या माळावर लांडगा, खोकड, तरस आहेत. त्यांच्या खाण्यात ससा आहे. माळावरचं खाणं कमी झालं की लांडग्याची नजर मेंढरांच्या वाड्याकडे वळते, आणि भुर्दंड धनगराला बसतो. शिवाय कुत्र्यांकडून रेबीज, डिस्टेंपर असे रोग लांडग्या-खोकडांत जाऊ शकतात. उलट बाजूनंही त्रास आहे: कच्चा ससा खाल्ला की कुत्र्याच्या पोटात चपटे जंत होऊ शकतात.

ससे हरभऱ्याचे शेंडे खातात, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. पण त्यावर कुत्रा घालणं कायद्यात बसत नाही. वाफ्याभोवती बारीक जाळी लावलेली बरी.

फिरायला जाताना साखळी हातात ठेवावी, किंवा दहा-पंधरा फुटांची लांब दोरी लावावी. म्हणजे कुत्र्याला हिंडताही येतं. मोकळं पळवायचंच असेल तर कुंपण असलेलं आपलं रान बरं, आणि तेही ऊन चढल्यावर. ‘ये’ म्हटलं की परत यायची सवय पिल्लू असतानाच, खाऊ देऊन लावावी. मोठ्या कारवानला ती लावता लावता नाकीनऊ येतात. रेबीज आणि डिस्टेंपरची लस, जंताचं औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारून वेळेवर द्यावं.

सशाचं पिल्लू एकटं दिसलं तर उचलून घरी आणू नये. आई दिवसभर लांब राहते आणि अंधारात दूध पाजायला येते. कुत्र्याला तिथून बाजूला घ्यावं, बस. जखमी ससा मिळाला तर त्याला खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवून वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री नंबरवर किंवा गावच्या वनरक्षकाला फोन करावा.