किंगरी आणि परके कान

सन १९७७ मध्ये अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने दूरच्या अवकाशप्रवासास पाठविली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी असून तीत पृथ्वीवरील अनेक देशांचे संगीत भरलेले आहे. बाख व बीथोव्हेन यांच्या रचना तीत आहेत, जावा बेटातील वाद्यवृंद आहे, आणि त्यांच्याच पंक्तीला गोमंतकात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी गाइलेली 'जात कहाँ हो' ही भैरवीही आहे. समजा, लक्षावधी वर्षांनी ही तबकडी कोणा परग्रहवासीयाच्या हाती पडली आणि ती वाजविण्याची युक्तीही त्याला साधली. स्वर त्याला ऐकू येतील. केसरबाईंच्या आवाजातील भरदारपणाही कदाचित जाणवेल. परंतु भैरवी सुरू झाली म्हणजे मैफल आटोपत आली, हे त्याने कशावरून ओळखावे? श्रोत्यांच्या मनात त्या वेळी जी हुरहूर उत्पन्न होते, ती तबकडीच्या रेषांत कोठेही कोरलेली नाही.

पृथ्वीवरील रसिकाची आजची स्थिती ह्याहून फारशी निराळी नाही. खिशात मावणाऱ्या यंत्रावर आज आफ्रिकेतील नगारे, बाली बेटातील घंटावाद्ये किंवा युरोपातील प्रयोगशील रचनाकारांची नवी कृती घरबसल्या ऐकता येते. ही सोय थोडी नव्हे. तथापि यंत्र स्वर आणून देते आणि प्रसंग मागे ठेवते. तो मागे राहिलेला भाग किती मोठा असू शकतो, हे समजून घेण्यासाठी मराठी माणसाला सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारण नाही. वर्धा, वैनगंगा व इंद्रावती ह्या नद्यांच्या परिसरातील चंद्रपूर आणि गडचिरोली हे अरण्यमय जिल्हे त्यासाठी पुरेसे आहेत.

ह्या मुलखातील गोंडांच्या कुळकथा, देवकथा व वीरकथा गाऊन जतन करण्याचे काम परंपरेने परधानांकडे आलेले आहे. परधान हा गोंडांचा भाट. त्याचे वाद्य किंगरी. हे तीन तारांचे असून सारंगीप्रमाणे गजाने वाजवितात. गायक कथा गातो आणि किंगरी त्याच्या आवाजाला लगटून चालते. शहरी कानांना, विशेषतः ख्यालगायनाची सवय असलेल्या कानांना, हे गायन प्रथम एकसुरी भासण्याचा संभव आहे. स्वर थोडे आणि चाल तीच ती. ताना व हरकतींचा विस्तारही नाही. परंतु हा अभिप्राय देण्यापूर्वी, हे गायन कशासाठी चालले आहे, असा प्रश्न विचारला पाहिजे.

गोंडी कथांची लिखित नोंद करणाऱ्यांत नागपूरचे धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप यांचे नाव आरंभीच येते. गोंडांचा आदिपुरुष लिंगो याची दीर्घ कथा त्यांनी एका परधानाकडून उतरवून घेतली. १८६३ साली हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून मृत्यू पावले आणि त्यांचे कागद मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. आज ती नोंद अमोल समजली जाते. परंतु कागदावर आले ते केवळ शब्द. गायकाचा गळा त्यात आला नाही, किंगरीही आली नाही. श्रोते कोठे हसले व कोठे स्तब्ध झाले, ह्याचाही मागमूस उरला नाही.

केवळ शब्द हाती आल्याने काय निसटते, ह्याचा उलगडा पुढे युरोपात झाला. अमेरिकन विद्वान मिल्मन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ ह्या काळात युगोस्लाव्हियातील लोकगायकांची दीर्घ वीरगीते ध्वनिमुद्रित केली. हे गायक 'गुस्ले' नावाचे गजाने वाजविण्याचे वाद्य हाती घेऊन गातात. म्हणजे किंगरीवाल्यांचे ते दूरचे भाऊबंदच म्हणावयाचे. एकाच गायकाकडून तेच गीत दोनदा गाऊन घेतले असता दोन्ही वेळचे शब्द निराळे निघत; गायक मात्र आपण अक्षरही न बदलता गाइलो, असे शपथेवर सांगे. त्यात लबाडी नव्हती. तो पाठ केलेले म्हणत नव्हता. वळणदार वाक्प्रयोग, ठरीव प्रसंग आणि छंदाची चौकट यांच्या साहाय्याने तो गाता गाताच रचना करीत होता. पॅरी यांचे शिष्य आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० साली ग्रंथरूपाने हा सिद्धांत मांडला, तेव्हा होमरच्या महाकाव्यांकडे पाहण्याची दृष्टीच पालटली.

हा प्रकाश हिस्लॉप यांच्या कागदांवर टाकून पाहावा. छापलेली लिंगोकथा ही एका परधानाने एका वेळी सांगितलेली कथा होय. छापील पाठ स्थिर असतो; गायन तसे नसते. ज्या चालीला आपण एकसुरी म्हणतो, ती चाल म्हणजे अशा रचनाकाराच्या पायांखालची वाट आहे. चाल स्थिर आणि सोपी असते म्हणूनच त्याचे लक्ष कथेकडे मोकळे राहू शकते. ख्यालगायक शब्द थोडे घेऊन स्वरांचा विस्तार करतो. कथागायक स्वर थोडे घेऊन शब्दांचा विस्तार करतो. दोघांचे कौशल्य निरनिराळ्या ठिकाणी असल्यामुळे एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजणे अन्यायाचे ठरते.

१९५६ पूर्वी राजुऱ्याचा मुलूख हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. त्या जिल्ह्यातील गोंडांत १९४१ पासून राहून ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी जो अभ्यास केला, तो १९४८ साली ग्रंथरूपाने बाहेर आला. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, परधानाचे वादन हे करमणुकीचे साधन नसून कुळाच्या देवाच्या पूजेचे अंग आहे. परधानाची किंगरी आणि सनईच्या जातीचे पेपरे वाजल्यावाचून ते धर्मकृत्य यथासांग होत नाही. दुसरी गोष्ट मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. ह्या परधानांची घरची बोली मराठी. परंतु यजमानांपुढे कथा गावयाची ती गोंडीत. म्हणजे मराठी बोलणाऱ्या घराने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेचे वाङ्मय आपल्या गळ्यात सांभाळले.

ह्या वैभवातच धोकाही दडलेला आहे. ज्या घरात गोंडी भाषा गाण्यापुरतीच येते, त्या घरात गाणे थांबले की भाषाही थांबते. यजमानाने बोलावणे सोडले की परधानाची विद्या निरुपयोगी ठरते. मुलगा दुसरी रोजी शोधतो, आणि एका पिढीत किंगरी आढ्याला टांगली जाते. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर शामराव हिवाळे यांनी १९४६ साली एक ग्रंथ लिहिला. तेथील परधानांचे तंतुवाद्य 'बाना'. त्याच समाजातील जनगढसिंह श्याम यांनी १९८० नंतर भोपाळ येथे आपल्या देवकथा चित्रांत उतरविल्या आणि ती शैली जगभर गाजली. चित्र भिंतीवर टांगता येते, विकत घेता येते. रात्रभर चालणाऱ्या गाण्याला मात्र भिंत पुरत नाही. त्याला समोर बसून समजणारा श्रोताच लागतो.

ह्याहून वेगळा प्रकार दक्षिण गडचिरोलीत, भामरागड व एटापल्लीच्या रानांत, माडियांच्या वस्तीत आढळतो. 'रेला' हा शब्द घोळवीत गाइल्या जाणाऱ्या ह्या गाण्यांना रेला पाटा म्हणतात. पाटा म्हणजे गाणे. मुली एकमेकींना हातांनी गुंफून रांग धरतात, पावले एका लयीत पडतात, एक गट ओळ उचलतो आणि दुसरा ती झेलतो. येथे गायक निराळे आणि श्रोते निराळे, अशी वाटणीच मुळी नसते. टाळी देण्यासाठी समोर कोणी बसलेले नाही. जो आला तो रांगेत शिरला. बाहेर बसून ऐकणाऱ्याला तीच ओळ पुनःपुन्हा आल्याने कंटाळा येईल. परंतु रांगेतल्याला तीच पुनरावृत्ती श्वासासारखी आधार देते. रात्र नाचून काढावयाची तर ओळ आखूड व सोपी असणेच युक्त होय.

अशा सामुदायिक गायनापासून आधुनिक पाश्चात्त्य रचनाकारांनीही धडे घेतले आहेत. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जावा बेटातील वाद्यवृंद ऐकून देबुसी थक्क झाला. पुढे फ्रान्समधील संशोधक सिम्हा आरोम यांनी मध्य आफ्रिकेतील अरण्यवासीयांच्या गुंतागुंतीच्या समूहसंगीताची उकल केली. प्रथम सर्वांचे एकत्र ध्वनिमुद्रण करावयाचे, मग ते एकेकाच्या कानाशी लावून त्याचा एकट्याचा भाग स्वतंत्र मुद्रित करावयाचा, ही त्यांची रीत. हंगेरियन रचनाकार लिगेती याच्या उत्तरकालीन पियानोरचनांवर ह्या शोधाची छाया आहे. युरोपात जे 'प्रयोग' म्हणून ऐकले जाते, त्याचे मूळ कित्येकदा कोणाच्या तरी अंगणातील नित्याचा व्यवहार असतो.

मात्र ह्यावरून अरण्यातील संगीत म्हणजे जगापासून अलिप्त राहिलेली, कधी न बदलणारी वस्तू, असा समज करून घेणे चूक ठरेल. ह्याच जिल्ह्यांत भाताची कापणी झाल्यावर झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र रंगतात आणि वडसा येथे त्यांच्या मंडळ्यांचे मोठे केंद्र आहे. दंडारीचा वारसा, संगीत नाटकांतील पदे, लावणी आणि चित्रपटगीतांच्या चाली, सर्वांना ह्या रंगभूमीने बिनदिक्कत आपल्या घरात घेतले आहे. २०२३ साली ह्या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. शहरातील रसिक ज्याला विविधतेची हौस म्हणतो, ती झाडीतल्या प्रेक्षकाला पूर्वीपासून ठाऊक आहे.

तेव्हा अपरिचित संगीत भेटले असता श्रोत्याने काय करावे? प्रथम ते एकदा ऐकून थांबू नये. शक्य तर त्याच गाण्याची दोन निरनिराळी ध्वनिमुद्रणे मिळवून ती शेजारी ठेवावी. काय स्थिर राहते आणि काय बदलते, हे कळले म्हणजे गायकाचे कौशल्य कोठे आहे ते आपोआप दिसू लागते. दुसरे, गाणे कोणत्या प्रसंगाचे, कोणत्या भाषेचे आणि गाणाऱ्याचे नाव काय, हे विचारावे. 'आदिवासी संगीत' एवढीच चिठ्ठी लावलेले ध्वनिमुद्रण म्हणजे 'मराठी संगीत' अशी चिठ्ठी लावून केसरबाईंचे नाव गाळण्यासारखेच होय. तिसरे, जो ध्वनिमुद्रण करतो त्याने ते ज्यांचे आहे त्यांच्या हाती परत द्यावे. हिस्लॉप यांच्या परधानाने सांगितलेली कथा इंग्रजी ग्रंथात गेली. आज तीच कथा परधानाच्या नातवंडांना त्यांच्या गावच्या शाळेत, त्यांच्याच कोणा वडीलधाऱ्याच्या आवाजात ऐकविणे यंत्रामुळे सहज शक्य आहे.

ध्वनिमुद्रणाने किंगरी जिवंत राहील, असे मात्र कोणी मानू नये. तबकडी आठवण ठेवते. परंपरा चालविण्यासाठी बोलावणारा यजमान आणि शिकणारा मुलगा लागतो. दूरच्या श्रोत्याचे कुतूहल त्या मुलाला आपली विद्या मोलाची वाटावी इतके कारण पुरवू शकते, आणि तेवढेही थोडे नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाटेवर कोणी किंगरीवाला भेटला तर त्याला एखादी चाल ऐकवून दाखव म्हणण्यापेक्षा, ही कथा कोणत्या कुळाची आणि पुढे काय झाले, असे विचारावे. मग तो सावरून बसेल आणि गज तारांवर ठेवील.