कोणती परीक्षा शाळेत शिकवायची?

इंग्लंडमधील सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा-कॉलेजांना बाजारातली कोणतीही परीक्षा उचलून शिकवता येत नाही. २००० सालच्या ‘लर्निंग अँड स्किल्स अ‍ॅक्ट’च्या कलम ९६ नुसार, १९ वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी सरकारी पैशातून चालणारा अभ्यासक्रम बाहेरच्या मंडळाच्या प्रमाणपत्राकडे नेणारा असेल, तर त्या प्रमाणपत्राला शिक्षणमंत्र्यांची मान्यता लागते. पदवी आणि त्यावरील शिक्षण यातून वगळले आहे. अठराव्या वर्षीची ए-लेव्हल, सोळाव्या वर्षीची जीसीएसई, व्यावसायिक ‘बीटेक’ (BTEC; आपल्याकडची बी.टेक. पदवी नव्हे) या साऱ्या परीक्षा अशाच बाहेरच्या मंडळांच्या. त्यांच्या दर्जावर २०१० पासून ‘ऑफक्वाल’ ही स्वतंत्र नियामक संस्था देखरेख ठेवते.

मान्यता मिळालेल्या परीक्षांच्या यादीत नाव नसले की काय होते, ते आयजीसीएसईच्या बाबतीत दिसले. मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळांमुळे मराठी पालकांच्या ओळखीची झालेली ही केंब्रिजची परीक्षा इंग्लंडमधील खासगी शाळा खुशाल घेत होत्या. सरकारी शाळांना मात्र मुख्य विषयांत ती घेण्याची मुभा २०१० मध्ये मिळाली. एकाच गावातल्या दोन शाळांना दोन नियम, असा हा प्रकार होता.

पण खरा घोळ मान्यतेत नव्हता, गुणांकनात होता. २००४ पासून शाळांच्या कामगिरीच्या तक्त्यांत व्यावसायिक प्रमाणपत्रे जीसीएसईच्या ‘समकक्ष’ म्हणून मोजली जाऊ लागली. घोड्यांची निगा राखण्याचे एक प्रमाणपत्र चार जीसीएसईंच्या बरोबरीचे, तर नखांच्या सजावटीचे दोनच्या! घोडे सांभाळणे हे कमी प्रतीचे काम नव्हे. पण तक्त्यात वर चढायचा सोपा जिना म्हणून शाळा मुलांना तिकडे वळवू लागल्या, तर नुकसान मुलांचेच. २००४ मध्ये सोळाव्या वर्षापर्यंतच्या मुलांनी घेतलेली अशी प्रमाणपत्रे सुमारे १५,००० होती. २०१० मध्ये ती ५,७५,००० वर गेली.

प्राध्यापक अ‍ॅलिसन वुल्फ यांच्या मार्च २०११ च्या अहवालाने यावर बोट ठेवले. त्यानंतर सरकारने तक्त्यांसाठी कडक निकष लावले. प्रमाणपत्राचा आवाका किमान एका जीसीएसईएवढा हवा. नुसते ‘उत्तीर्ण-अनुत्तीर्ण’ न चालता श्रेणी द्यायला हवी. मूल्यमापनाचा निदान पाचवा हिस्सा शाळेबाहेरच्या परीक्षकांकडे हवा. शिकवणाऱ्यानेच सगळे गुण द्यायचे, तर शंकेला जागा राहते. पुढच्या शिक्षणाच्या वाटा खुल्या राहायला हव्यात, आणि प्रमाणपत्र आधीपासून वापरात असून त्याचा अनुभव चांगला असायला हवा. यातला पुढच्या वाटांचा निकष सर्वांत मोलाचा. बाकीचे कागदावर तपासता येतात, हा मुलांच्या आयुष्यात तपासावा लागतो.

जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झालेल्या निर्णयानुसार ३,१७५ समकक्ष प्रमाणपत्रांपैकी १२५ च २०१४ च्या तक्त्यांसाठी टिकली. वगळलेली प्रमाणपत्रे शिकवायला बंदी नव्हती. त्यांचे गुण शाळेच्या खात्यात जमा होणे तेवढे थांबले. पुढे जीसीएसईचा नवा, अधिक कठीण अभ्यासक्रम आल्यावर इंग्रजी आणि गणिताची आयजीसीएसईही २०१७ पासून तक्त्यांतून बाहेर पडली.