वजनकाट्यावर न आलेली मुलं

देशातल्या अंगणवाड्यांत दर महिन्याला साधारण आठ कोटी मुलांचं वजन आणि उंची नोंदवली जाते. मुलामागे महिन्याला दोन आकडे, वर्षाला चोवीस. आठ कोटींना चोवीसने गुणलं की १९२ कोटी होतात. यातला एकेक आकडा कुणी सेकंदभर बघायचं ठरवलं, झोप नाही, जेवण नाही, तरी एका वर्षाचे आकडे संपायला जवळजवळ ६१ वर्षं लागतील. तोवर पुढच्या साठ वर्षांचे साचलेले असतील.

या ढिगातले काही आकडे परभणी जिल्ह्यातल्या पालम तालुक्यात जन्माला येतात. समजा, एका गावच्या अंगणवाडीत ४० मुलं आहेत. सेविकेच्या हातून वर्षाला ९६० मोजमापं होतात. पर्यवेक्षिकेकडे अशा २५ अंगणवाड्या असल्या तर २४,०००. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. मूल रडतं, पाय आखडून घेतं, आणि तेवढ्यात उंची सेंटिमीटरभर इकडची तिकडे होते. हा सेंटिमीटर क्षुल्लक नाही. दंडाचंच बघा. दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या खाली आला की मूल ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषित; ११.५ च्या खाली गेलं की ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. वजनाचंही तसंच. ८० सेंटिमीटर उंचीच्या मुलात मॅमची रेषा आणि सॅमची रेषा यांतलं अंतर एक किलोही नसतं. वजन-उंचीच्या या रेषा जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये आखून दिल्या. त्यासाठी सहा देशांतली जवळपास साडेआठ हजार मुलं मोजली होती, दिल्लीतलीही. त्या साडेआठ हजारांवर आज आपली आठ कोटी जोखली जातात.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा देशात ३३ प्रकल्प होते. आज अंगणवाड्याच जवळजवळ १४ लाख आहेत, त्यांतल्या एक लाख दहा हजारांवर महाराष्ट्रात. सेविकेचा आकडा पर्यवेक्षिकेकडे, तिथून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे, मग परभणीला जिल्हा परिषदेत. तिथे महिला व बालकल्याण समितीने कामाचा आढावा घ्यायचा असतो. पूर्वी हे ११ नोंदवह्यांत चालायचं. १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे मोबाइल अ‍ॅप आलं आणि गावातला आकडा थेट दिल्लीला जाऊ लागला. त्याच वर्षी राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले: फोन निकृष्ट, अ‍ॅप इंग्रजीत. माझ्या मते ती तक्रार शंभर टक्के रास्त होती. ज्या बाईच्या नोंदीवर सगळी इमारत उभी आहे, तिला तिच्या भाषेत नोंद करता यावी, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आता डोकं गरगरवणारी गोष्ट. जून २०२४ च्या ट्रॅकरनुसार वयाच्या मानाने खुजी असलेली मुलं ३६ टक्के. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीच ३५.५ टक्के. आकडे जुळले. पण उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं सर्वेक्षणात १९.३ टक्के आणि ट्रॅकरमध्ये ६! वर्षं वेगळी, मोजणारे वेगळे, पद्धत वेगळी, हे सगळं मान्य. तरी आठ कोटींवर हा फरक एक कोटी मुलांहून जास्त भरतो. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातली मुलंच एक कोटी ३३ लाख होती.

एवढी मुलं कुठे गेली, याचं एकच उत्तर नाही. पण पालमसारख्या तालुक्यात एक उत्तर डोळ्यांसमोर आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मुकादमाची उचल फेडायला निघतात, लेकरं घेऊन. समजा ४० पैकी १० मुलं फडावर गेली. उरलेल्या ३० जणांत सॅम निघाली ३. कागदावर दहा टक्के. फडावरच्या दहांतली चार सॅम असली तरी कागद दहाच टक्के म्हणणार, कारण भागाकार वजन घेतलेल्या मुलांनी होतो. जी मुलं सगळ्यांत आधी सापडायला हवीत, तीच भागाकारातून बाहेर.

ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करायची सोय आहे. म्हणून आढाव्याच्या सभेत सॅम किती हे विचारण्याआधी नोंदलेली किती, वजन घेतलेली किती आणि मधली कुठल्या कारखान्याच्या फडावर आहेत, हे विचारलं पाहिजे. तिथल्या अंगणवाडीत त्यांचं नाव चढलं का, हेही. ग्रामसभेलाही हा प्रश्न विचारता येतो. आपल्या उत्पन्नातली १० टक्के रक्कम महिला-बालकल्याणावर खर्चायची जबाबदारी ग्रामपंचायतीवर आहेच.

२०१७ च्या दराने मुलामागे आहाराला दिवसाला ८ रुपये, वर्षातले ३०० दिवस. पाच महिने फडावर म्हणजे आहाराचे १२५ दिवस. नाव इथून कटलं आणि तिथे चढलंच नाही, तर एका मुलाच्या वाटचे हजार रुपयांचे घास ना पालममध्ये शिजतात, ना कारखान्याच्या गावात.