‘प्रेझेन्स’ : अठरा दिवसांच्या अल्बमला उशिराने मिळालेली दाद

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे नाव निघाले की बहुतेकांना ‘स्टेअरवे टू हेवन’ आठवते. दर्दी मंडळी ‘कश्मीर’चा उल्लेख करतात. ३१ मार्च १९७६ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘प्रेझेन्स’ या त्यांच्या सातव्या अल्बमची आठवण मात्र सहसा सर्वांत शेवटी निघते. आल्या आल्या तो ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला होता, हे खरे. पण तो जोर फार काळ टिकला नाही. बँडच्या चौथ्या अल्बमची अमेरिकेतील प्रमाणित विक्री दोन कोटी प्रतींच्या पलीकडे गेली, तर ‘प्रेझेन्स’ची नोंद तीस लाखांवर थांबली. घरोघरी पोहोचलेले गाणे नाही, हळुवार चाली नाहीत, की-बोर्डचे भरजरी थर नाहीत. साहजिकच ‘कोरडा अल्बम’ असा शिक्का त्याच्यावर बसला आणि बरीच वर्षे तो कायम राहिला.

अलीकडच्या काळात मात्र लेड झेपेलिनचे चाहते हा अल्बम पुन्हा काढून ऐकू लागले आहेत. काही जण तर त्याला बँडच्या उत्तम कामांत स्थान देतात. हा बदल का झाला, हे समजून घ्यायचे तर १९७५च्या उन्हाळ्यापर्यंत मागे जावे लागते.

शिखरावरून दरीत

१९७५ची सुरुवात बँडसाठी अपूर्व यशाची होती. फेब्रुवारीत ‘फिजिकल ग्राफिटी’ हा दुहेरी अल्बम आला आणि मे महिन्यात लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये त्यांच्या पाच मैफली झाल्या. त्या काळी ब्रिटनमध्ये कमाईवरील प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ८३ टक्के होता. तो चुकविण्यासाठी बँडच्या सदस्यांनी काही काळ मायदेशाबाहेर राहण्याचे ठरविले. अमेरिकेचा मोठा दौरा ऑगस्टअखेर सुरू व्हायचा होता.

४ ऑगस्ट १९७५ रोजी ग्रीसमधील ऱ्होड्स बेटावर गायक रॉबर्ट प्लांट आणि त्याच्या कुटुंबाच्या मोटारीला भीषण अपघात झाला. प्लांटच्या पायाचा घोटा आणि कोपर मोडले. त्याच्या पत्नीची प्रकृती तर काही काळ चिंताजनक होती. दौरा रद्द झाला. करविषयक नियमांमुळे जखमी प्लांटला उपचारांसाठीही फार दिवस इंग्लंडमध्ये राहता आले नाही. आधी जर्सी बेट आणि नंतर कॅलिफोर्नियातील मॅलिबू असा त्याचा मुक्काम हलत राहिला. कर वाचविण्यासाठी पत्करलेली भटकंती आता सक्तीचा वनवास ठरली.

मॅलिबूमध्ये गिटारवादक जिमी पेज त्याच्या सोबतीला आला आणि दोघांनी नवी गाणी रचायला घेतली. दौरा नाही, गायकाला उभे राहता येत नाही, पुढे काय होणार याची खात्री नाही, अशा अवस्थेत हाती उरले होते ते एवढेच काम. अल्बमच्या सात गाण्यांपैकी सहा गाण्यांवर फक्त पेज आणि प्लांट यांची नावे आहेत, त्याचे मूळ या दिवसांत आहे.

तळघरातील अठरा दिवस

ध्वनिमुद्रण झाले ते नोव्हेंबर १९७५मध्ये, जर्मनीतील म्युनिक शहरात. म्युझिकलँड हा तिथला स्टुडिओ एका हॉटेलच्या तळघरात होता. त्यानंतरच्या तारखा रोलिंग स्टोन्सने आपल्या ‘ब्लॅक अँड ब्लू’ या अल्बमसाठी राखून ठेवल्या होत्या, त्यामुळे मुदत वाढण्याची फारशी शक्यता नव्हती. अखेरच्या टप्प्यात पेजने त्यांच्याकडून थोडे दिवस मागून घेतले आणि अठरा दिवसांत सारे काम आटोपले. याआधीच्या अल्बमवर महिनोन् महिने घालवलेल्या बँडच्या दृष्टीने हा वेग अचंबित करणारा होता.

गिटारचे जादा थर पेजने जवळपास एका रात्रीत वाजवून पूर्ण केले. ध्वनिमुद्रक कीथ हारवुड आणि तो आलटून पालटून झोप काढत आणि ज्याला आधी जाग येईल त्याने काम पुढे न्यायचे, असा शिरस्ता होता, ही हकिगत पेजने नंतर सांगितली आहे. प्लांट चाकाच्या खुर्चीत बसून गात होता. कुबड्यांवर चालताना तो एकदा स्टुडिओत पडलाही. मोडलेला पाय पुन्हा दुखावल्याच्या भीतीने सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

आपल्याकडे गायकाने बसून गाणे यात नवल काही नाही. खयाल काय, ठुमरी काय, बैठकीतच रंगते. रॉकच्या गायकाचे तसे नसते. रंगमंचावरचा वावर, उसळी, अंगविक्षेप हा त्याच्या गाण्याचा अर्धा भाग असतो, आणि प्लांट तर त्या शैलीचा मेरुमणी. अशा गायकाला खुर्चीला खिळून, फक्त गळ्याच्या बळावर गावे लागले. ‘प्रेझेन्स’मधील त्याचा आवाज पूर्वीसारखा झेपावत नाही, तो ताणलेला आणि काहीसा चिरका लागतो, हा पूर्वी दोष मानला गेला. आज अनेक चाहत्यांना त्याच ताणात या अल्बमचा प्राण जाणवतो.

जे नाही, त्याचा हिशेब

‘प्रेझेन्स’विषयीची जुनी तक्रार नेमकी काय होती? लेड झेपेलिनची ख्याती प्रकाश आणि छाया यांच्या खेळासाठी होती. एका गाण्यात लोकगीताचा गोडवा, दुसऱ्यात वादळ, कधी एकाच गाण्यात दोन्ही. जॉन पॉल जोन्सचा की-बोर्ड आणि पेजचे नाजूक अकूस्टिक गिटारवादन हे या खेळाचे आधार होते. ‘प्रेझेन्स’मध्ये की-बोर्ड नाही आणि अकूस्टिक गिटारही जवळपास नाही. उरतात ती विजेवरची गिटार, बास, ड्रम आणि आवाज. ही उणीव ऐकणाऱ्याला लगेच जाणवते. पण केवळ उणिवांची यादी केली की जे आहे त्याकडे दुर्लक्ष होते, हा पुनर्मूल्यांकन करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा आहे.

दहा मिनिटांहून मोठे ‘अकिलीज लास्ट स्टँड’ हे पहिलेच गाणे त्यांच्या बाजूने साक्ष देते. अकिलीज हा ग्रीक पुराणकथेतील अजिंक्य योद्धा. त्याची टाच तेवढी दुबळी, आणि तिथेच बाण लागून तो कोसळतो. ग्रीक बेटावर पाय मोडून घेतलेल्या गायकाने हे नाव निवडावे, यातला उपरोध स्पष्ट आहे. पेज आणि प्लांटच्या १९७५मधील मोरोक्को भेटीचे संस्कारही या गाण्यावर आहेत. जोन्सचा आठ तारांचा बास घोडदौडीची लय धरतो, जॉन बॉनमचे ड्रम त्या लयीला दर काही मात्रांनी धक्के देतात आणि त्यावर पेजच्या गिटारी एकावर एक चढत जातात. प्रकाश-छायेचा जुना खेळ इथेही आहे. तो केवळ गिटारच्या थरांतून साधला आहे.

‘फॉर युवर लाइफ’ हे संथ, अडखळत चालणारे गाणे लॉस एंजेलिसमधील अमली पदार्थांच्या दुनियेकडे कडवटपणे पाहते. ते सावट खुद्द बँडभोवतीही दाटू लागले होते, हे ध्यानात घेतले की त्याची धार अधिक जाणवते. अखेरचे ‘टी फॉर वन’ हे नऊ मिनिटांहून मोठे ब्लूज परक्या शहरातील हॉटेलच्या खोलीतल्या एकटेपणाविषयी आहे. सुरुवातीला गिटार एक चपळ चाल वाजवते आणि पाहता पाहता लय एकदम मंदावते, जणू घड्याळाचे काटे जड झाले आहेत. १९७०च्या ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ची ही सौम्य पुनरावृत्ती, अशी टीका तिच्यावर झाली. तुलना योग्यच आहे. परंतु आधीच्या गाण्यातला प्रेमी आक्रोश करतो, इथला माणूस नुसता वेळ जाण्याची वाट पाहतो. हा फरक ओळखायला ऐकणाऱ्याचे वयही थोडे वाढावे लागते.

दया नव्हे, दाद

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कलाकाराच्या हालअपेष्टांची कथा कळली की त्याची कृती आपोआप थोर वाटू लागते. ‘प्रेझेन्स’च्या बाबतीतही हा धोका आहे. मोडलेला पाय हे चांगल्या गाण्याचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. ‘कँडी स्टोअर रॉक’ हे पन्नाशीच्या दशकातील रॉक अँड रोलला केलेले वंदन गमतीदार असले तरी पातळ आहे. अमेरिकेत ते स्वतंत्र तबकडी म्हणून निघाले तेव्हाही विक्रीच्या यादीत शिरू शकले नाही. ‘रॉयल ऑर्लीन्स’ हा विनोदी किस्सा फार दूर जात नाही. ‘नोबडीज फॉल्ट बट माइन’ हे अत्यंत प्रभावी गाणे ब्लाइंड विली जॉन्सन या अमेरिकी कृष्णवर्णीय गायकाच्या १९२७मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या भक्तिगीतावर बेतलेले आहे. अल्बमवर श्रेय मात्र पेज आणि प्लांट यांचेच छापले गेले. प्रामाणिक पुनर्मूल्यांकनात या बाबीही नोंदवाव्याच लागतात.

म्हणूनच जाणकार चाहत्यांचा दावा मर्यादित आणि अधिक पटणारा आहे. हा बँडचा सर्वश्रेष्ठ अल्बम आहे, असे त्यांच्यापैकी बहुतेकांचे म्हणणे नाही. अडचणीने लादलेल्या मर्यादा या बँडने शैली म्हणून स्वीकारल्या आणि त्यातून पूर्वी न जमलेली एक सलग, करकरीत बांधणी साधली, इतकेच ते सांगतात. हे कानाने पडताळून पाहता येते. त्यासाठी कोणाची कीव करण्याची गरज नाही.

दुर्लक्ष का झाले?

यात काळाचाही वाटा होता. अल्बम आला तेव्हा तो घेऊन दौऱ्यावर जाणे शक्य नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘द साँग रिमेन्स द सेम’ हा मैफलीचा चित्रपट आणि त्याचा दुहेरी अल्बम आला आणि लोकांचे लक्ष तिकडे वळले. १९७७च्या अमेरिका दौऱ्यात ‘प्रेझेन्स’मधील ‘अकिलीज लास्ट स्टँड’ आणि ‘नोबडीज फॉल्ट बट माइन’ ही दोनच गाणी नियमितपणे वाजविली गेली. त्या दौऱ्यातच, २६ जुलै १९७७ रोजी, प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा आजारपणात दगावला आणि उरलेल्या मैफली रद्द झाल्या. २५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनमचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बँडने आपली वाटचाल थांबविल्याचे जाहीर केले. अल्बमला मैफलींतून रुजायला अवधीच मिळाला नाही.

ही कसर भरून निघायला तीन दशके लागली. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओ-टू अरीनामध्ये उरलेले तिघे पुन्हा एकत्र आले. ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन होता. त्या एकाच रात्रीसाठी निवडलेल्या सोळा गाण्यांत ‘फॉर युवर लाइफ’चा समावेश होता. लेड झेपेलिनने हे गाणे त्याआधी कधीही जाहीर मैफलीत वाजविले नव्हते. हक्काची लोकप्रिय गाणी हाताशी असताना या उपेक्षित गाण्याला दिलेली जागा चाहत्यांना बरेच काही सांगून गेली. ३१ जुलै २०१५ रोजी अल्बमची नव्याने संस्कारित आवृत्ती निघाली. तिच्या जोड-तबकडीवर पियानोप्रधान अशी एक अप्रकाशित वाद्यरचनाही होती. म्हणजे म्युनिकमध्ये हळुवार सूर सुचलेच नव्हते, असे नाही. ते बाजूला ठेवले गेले होते. योगायोग असा की, त्याच दिवशी निघालेल्या ‘कोडा’च्या विस्तारित आवृत्तीत पेज आणि प्लांट यांनी १९७२मध्ये मुंबईत भारतीय वादकांसह केलेली ध्वनिमुद्रणे प्रथमच अधिकृतपणे बाहेर आली.

‘प्रेझेन्स’च्या मुखपृष्ठावर एक सुखवस्तू कुटुंब टेबलाभोवती बसलेले आहे आणि मधोमध काळ्या रंगाची एक पिळदार, अनाकलनीय वस्तू उभी आहे. हिप्नॉसिस या कलासंस्थेने घडविलेल्या त्या वस्तूचा उलगडा बँडने कधी केला नाही. अल्बमचेही काहीसे तसेच झाले. तो सर्वांच्या नजरेसमोर होता, पहिल्या क्रमांकावरही जाऊन आला होता. तरी त्याच्याकडे नीट पाहायचे राहून गेले. आता ऐकायला बसणाऱ्याने ‘स्टेअरवे टू हेवन’ची अपेक्षा दाराबाहेर ठेवावी आणि सुमारे ४४ मिनिटे सलग काढावीत. पहिल्या गाण्याची घोडदौड आणि शेवटच्या गाण्यातली थबकलेली घटका यांच्यामध्ये, उभे राहता न येणाऱ्या एका गायकाने आणि त्याच्या तीन साथीदारांनी काय पेलले, ते मग कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.