वापरलेली विजेची मोटार : आधींची कीं नंतरची?

मोठ्या किंमतीची वस्तु विकत घ्यावयाची वेळ आली म्हणजे एकत्र कुटुंबांत मतांचे दोन तट पडावयाचेच. एक पक्ष म्हणतो, “थोडक्यांत काम भागत असेल तर जास्त पैसे कशाला?” दुसरा म्हणतो, “घ्यावयाचीच तर चांगली घ्यावी. पुनःपुन्हां थोडीच घेतों!” वापरलेली विजेची मोटार घेतांना जुनी आवृत्ति घ्यावी कीं अलीकडची, या प्रश्नावर तर हे दोन तट फारच घट्ट होतात. दोन्ही पक्षांचें म्हणणें समंजसपणाचें असतें. पण दोघेहि गाडीचें साल पाहतात. आमच्या मतें जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील घरांपुरता हा प्रश्न सालाचा नाहीं, तो अंतराचा आहे.

वापरलेल्या उंच बांधणीच्या विजेच्या मोटारींत टाटांच्या नेक्सॉनचा विचार बहुधा प्रथम होतो. तिची पहिली आवृत्ति जानेवारी २०२० मध्यें निघाली, आणि ती शेजारच्या शिरूर तालुक्यांत, रांजणगांवच्या कारखान्यांत तयार होत असे. तिच्या बॅटरींत ३०.२ किलोवॅट-तास, म्हणजे घरच्या मीटरच्या हिशेबानें सुमारें तीस युनिट वीज मावते. मे २०२२ मध्यें ‘मॅक्स’ या नांवानें मोठी आवृत्ति आली. तिची बॅटरी ४०.५ युनिटांची. सप्टेंबर २०२३ मध्यें गाडीचें रूप पालटलें. पण त्या नव्या रूपांतहि लहान व मोठी अशा दोन्ही बॅटऱ्यांच्या गाड्या निघाल्या. तेव्हां २०२३ अखेरची गाडी लहान बॅटरीची असूं शकते आणि २०२२ ची मोठ्या बॅटरीची! केवळ सालावरून भाव ठरविणारा ग्राहक येथेंच फसतो.

दुसरी गोष्ट छापील अंतराची. एकदां बॅटरी भरली म्हणजे पहिली आवृत्ति ३१२ आणि मॅक्स ४३७ किलोमीटर जाईल, असे आंकडे प्रमाणपत्रांत आहेत. ते ठराविक पद्धतीच्या चाचणींतून निघालेले असतात. पांच माणसें, सामान आणि वातानुकूलन यांसह वेगानें चाललेली गाडी तितकी जात नाहीं. व्यवहारांत पहिली आवृत्ति नवी असतांना दोनशें आणि मोठी आवृत्ति दोनशें ऐंशी किलोमीटर जाते असें धरून चालावें. शिवाय बॅटरी वर्षागणिक थोडीथोडी क्षीण होते. कडक ऊन, नेहमीं कांठोकांठ भरून ठेवण्याची संवय आणि वारंवार केलेलें जलद चार्जिंग यांनीं ही झीज वाढते.

आतां हिशेब करूं. पहिल्या आवृत्तीच्या बॅटरीची शेंकडा दहा झीज झाली असें धरलें तर दोनशेंचे १८० किलोमीटर उरतात. त्यांतून पांचवा हिस्सा अडीअडचणीसाठीं राखला म्हणजे १४४ राहतात. मोठ्या आवृत्तीची झीज शेंकडा सात धरली तर सुमारें २६० उरतात. राखीव हिस्सा वजा जातां २०८ राहतात. मंचरहून पुणें सुमारें ६० किलोमीटर. जाऊन-येऊन १२० आणि शहरांतील हिंडणें १५ मिळून १३५ झाले. म्हणजे मंचरच्या घराला पहिली आवृत्ति पुरते. जुन्नरहून पुणें सुमारें ९५ किलोमीटर. तोच हिशेब २०५ वर जातो. तेथें पहिली आवृत्ति साफ अपुरी पडते आणि मोठी जेमतेम पुरते. नारायणगांवच्या घरालाहि हा आंकडा १६५ च्या घरांत जातो. सारांश, जुन्या-नव्याची सीमा कारखान्याच्या कागदांत शोधूं नये. ती नाशिक रस्त्यावर मंचर आणि नारायणगांव यांच्या दरम्यान कोठेंतरी आहे.

पुण्यास जाऊन वाटेंत किंवा शहरांत तासभर थांबून चार्जिंग करण्याची तयारी असेल तर जुन्नरकरांनींहि पहिली आवृत्ति घ्यावी. परंतु ज्या घरांत वृद्ध माणसें आहेत तेथें आणखी एक विचार अवश्य करावा. अपरात्रीं कोणास पुण्याच्या इस्पितळांत न्यावें लागलें तर गाडी भरण्यास वेळ मिळत नाहीं. निजण्यापूर्वीं तींत जेवढी वीज असेल तेवढ्यावरच निघावें लागतें. वरच्याच हिशेबानें जुन्नरच्या घराला एका बाजूच्या प्रवासासाठीं, राखीव हिस्सा धरून, पहिल्या आवृत्तींत रोज रात्रीं शेंकडा ७३ वीज शिल्लक ठेवावी लागेल. मोठ्या आवृत्तींत ५७ पुरे. मंचरला पहिल्या आवृत्तींतहि ५३ पुरे. दिवसभर मुलें-माणसें गाडी फिरवीत असतां हा नेम पाळला जाईल काय, हें ज्याच्या त्याच्या घरानें ओळखावें.

घाटाची भीति मात्र पुष्कळांस उगाच वाटते. माणसांसह अठराशें किलो वजनाची गाडी शंभर मीटर उंच चढविण्यास सुमारें अर्धा युनिट वीज लागते. मंचरहून घोडेगांव, डिंभ्यामार्गें भीमाशंकरास जातांना तीन-चारशें मीटर चढ धरला तरी त्याचा जादा खर्च दोन युनिटांच्या आसपास. आणि उतरतांना मोटर उलट वीज निर्माण करीत असल्यानें त्यांतला कांहीं भाग परत मिळतो. मॅक्समध्यें ही परत मिळणारी वीज कमीजास्त करण्याची सोय चालकाच्या हातीं दिलेली आहे. २०२० च्या गाडींत ती मुळांत नव्हती.

यानंतर घरच्या विजेकडे पाहावें. पहिली आवृत्ति १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर, सुमारें ३.३ किलोवॅटनें, नऊएक तासांत भरते. म्हणजे रात्रीं लाविली कीं सकाळीं तयार. मोठी बॅटरी त्याच प्लगवर भरावयास पंधरा तासांपर्यंत लागतात. ती रात्रींत भरावयाची तर ७.२ किलोवॅटचा चार्जर हवा, आणि तो सुमारें ३२ अँपिअर प्रवाह घेतो. जुन्या वाड्यांतील वायरिंग, मीटर आणि मंजूर भार हें ओझें सोसतील काय, हें जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें व महावितरणाकडून भार वाढवून घ्यावा. अर्थिंग चांगलें असणें दोन्ही गाड्यांस आवश्यकच. हा खर्च मोठ्या गाडीच्या किंमतींत मिळवूनच तुलना करावी. मळ्यांतील पंपाच्या जोडणीवर गाडी लावण्याचा मोह कोणी करूं नये. वीज कायदा २००३ च्या १२६ व्या कलमान्वयें तो अनधिकृत वापर ठरतो.

२०२३ च्या नव्या रूपाची एक बाजू मात्र अंतराच्या हिशेबांत बसत नाहीं, ती सुरक्षिततेची. त्या गाडींत सहा एअरबॅगा सर्व प्रकारांत आहेत. २०२० च्या गाडींत दोनच होत्या. मुलांबाळांसह महामार्गावर नित्य प्रवास असेल तर हा फरक पैशांत मोजूं नये.

खरेदीच्या वेळीं रंग व गाद्या पाहण्याआधीं बॅटरी पाहावी. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून तिच्या प्रकृतीचा लेखी अहवाल मागावा. मग गाडी पूर्ण भरून, घरची चार माणसें बसवून, आळेफाट्यापर्यंत किंवा तितक्याच लांब नेऊन आणावी आणि किती टक्क्यांत किती किलोमीटर झाले तें टिपून ठेवावें. बॅटरीची हमी पहिल्या आवृत्तीस आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, जें आधीं पुरें होईल तेथवर होती. ती पहिल्या खरेदीपासून मोजतात. म्हणून २०२० ची गाडी असेल तर हमी २०२८ सालीं संपते. दुसऱ्या मालकास ती कोणत्या अटींवर मिळते हें लेखी घ्यावें. गाडीवरील कर्ज फिटून त्याची नोंद नोंदणी-पुस्तकांतून निघाली आहे कीं नाहीं हेंहि पाहावें. व्यापाऱ्याकडून घेतल्यास त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, असें डिसेंबर २०२४ मध्यें ठरलें. एका गृहस्थानें दुसऱ्यास विकली तर तो लागत नाहीं.

आमचा सल्ला थोडक्यांत असा : घरच्या एका वर्षाच्या प्रवासांची यादी करावी, आणि त्यांतला जो लांबचा प्रवास टाळतां येत नाहीं तो अधोरेखित करावा. तो पहिल्या आवृत्तीच्या १४४ किलोमीटरांत बसत असेल तर नव्याच्या हौसेपायीं जास्त पैसे घालूं नयेत; ते मुलांच्या शिक्षणास उपयोगीं पडतील. बसत नसेल तर स्वस्ताईकडे पाहून वडिलांच्या जिवाला घोर लावूं नये. या यादीला बसतांना घरांतील बायकांस आवर्जून बोलवावें. दुखणाइताला केव्हां आणि कोठें न्यावें लागतें, तें त्यांच्याइतकें पुरुषांस क्वचितच ठाऊक असतें.